हिरव्या बुटांचे सतरा ताव

संग्रहालयाचं निमंत्रण आलं तेव्हा मोठ्या बाईंनी ते आधी उशीखाली सारलं आणि सुनेला सांगितलं, की गुडघे फार दुखताहेत.

सून कसली ऐकते. "आई, गुडघे तुमचे रोजच दुखतात," ती म्हणाली. "सिनेमाचं संग्रहालय काही रोज उघडत नाही. आणि निमंत्रणावर तुमचं नाव छापलंय. माझं नाव आजवर फक्त विजेच्या बिलावर छापून आलंय."

मोठ्या बाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कार्टूनपट काढणाऱ्या एका स्टुडिओत त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी त्या रंगखोलीच्या मुख्य होत्या, म्हणून पोरी त्यांना मोठ्या बाई म्हणत. पुढे स्टुडिओ बंद पडला, त्या पोरींच्या आज्या झाल्या, पण हाक तीच राहिली. आता त्यांना एक्याऐंशीवं सरत आलं होतं. घरातसुद्धा चिडवायचं असलं की नातवंडं त्यांना मोठ्या बाई म्हणत.

जायचं नाही म्हणण्याला कारण होतं, आणि ते गुडघ्यात नव्हतं. निमंत्रणात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'हिरव्या बुटांचं खास दालन.'

तरी गेल्या. नाही गेलं तर सून विचारणार, का नाही. आणि त्या प्रश्नापेक्षा टॅक्सी बरी.

तळमजल्यावर जुनी प्रोजेक्शनची यंत्रं होती. मोठ्या बाई तिथे मात्र रमल्या. गरम लोखंडाचा आणि तेलाचा तो वास नाकात गेला आणि त्यांना वाटलं, आत्ता कुणीतरी मागून म्हणेल, डबा खायला चला. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या रंगखोलीतलं एक टेबल जसंच्या तसं मांडलं होतं. म्हणजे मांडणाऱ्यांना तसं वाटत होतं.

"हे काय," मोठ्या बाई म्हणाल्या. "ब्रश केसांवर उभा केलाय. आमच्याकडे असा ठेवला असता तर आठवडाभर बोलणी बसली असती."

"हातमोजे तरी बरोबर आहेत ना?" सुनेनं विचारलं.

"त्यांची बोटं कापायला हवीत. अंगठा, तर्जनी आणि मधलं. उरलेली दोन झाकलेली. घामाचा डाग पडू नये म्हणून मोजे, आणि ब्रश कळावा म्हणून बोटं उघडी. सगळी झाकून काय, भांडी घासायची होती?"

शेजारी उभी असलेली संग्रहालयाची क्युरेटर हसली आणि तिनं ते टिपून घेतलं. तिशीची, चटपटीत पोर. "आजी, तुम्ही आलात हे आमचं नशीब," ती म्हणाली. "त्या काळच्या रंगखोलीतल्या आता तुम्ही एकट्याच उरलात. चला, आपलं सगळ्यात गाजलेलं दालन दाखवते."

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना, तसं झालं. दालनाच्या दारातच मोठ्या बाई थांबल्या.

एका भिंतीवर तो सिनेमा सारखा फिरत होता. एक मुलगी आणि एक बेडूक नदीच्या काठानं चाललेत. मुलीचे बूट लालभडक. चालता चालता मध्येच, पुरता एक सेकंदसुद्धा नाही, तिचे बूट हिरवेगार होतात आणि पुन्हा लाल. त्या काळी कुणा टीकाकारानं ते पाहून पेपरात टिंगल केली होती. आता फोनच्या जमान्यात त्याच चुकीनं जगाला वेड लावलं होतं. कुणाचं काही बिनसलं, की लोक एकमेकांना फोनवर हिरव्या बुटांचं चित्र पाठवत. दालनात एका चौकोनात उभं राहिलं, की समोरच्या पडद्यावर आपले जोडे हिरवे दिसत, आणि तिथे ही मोठी रांग लागलेली. कोपऱ्यातल्या दुकानात मोजे विकायला होते, एक लाल, एक हिरवा.

आणि समोरच्या भिंतीवर ते सतरा ताव. ताव म्हणजे काचेसारखे आरपार दिसणारे प्लॅस्टिकचे कागद. पुढच्या बाजूनं रेघा काढायच्या, मागच्या बाजूनं रंग भरायचा. सतराही तावांवर फक्त दोन पाय आणि दोन हिरवे बूट. खालच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, शाईनं काढलेली इवलीशी चोच. ती चोच मोठी करून वेगळी लावली होती. खाली लिहिलं होतं: 'सगळ्यांची लाडकी चूक. रंगवणारी: चिमणी या टोपणनावाची कामगार. ही तिची खूण. या चुकीमुळे तिला कामावरून काढण्यात आलं.'

त्या पाटीसमोर एक साठीला टेकलेली बाई पर्स पोटाशी धरून उभी होती. क्युरेटर म्हणाली, "या त्या चिमणीच्या कन्या. यांनाही आम्ही बोलावलंय."

चिमणीच्या मुलीनं वळून पाहिलं. "तुम्ही मोठ्या बाई ना? आईकडे तुमचा फोटो होता. मला मावशीच म्हणायला शिकवलं होतं तिनं. म्हणू ना?"

"म्हण," मोठ्या बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार.

मग त्या दोघी बाकावर बसल्या. सून आणि क्युरेटर जरा पलीकडे मोजे पाहत होत्या. चिमणीची मुलगी हळू बोलत होती, पण थांबत नव्हती. बहुतेक घरून ठरवूनच आली होती.

"आई शेवटपर्यंत म्हणायची, ती चूक माझी नाही. कुणाची, ते नाही सांगायची. आमच्याकडे त्याची चेष्टाच झाली होती. दूध उतू गेलं, की माझा भाऊ म्हणायचा, आई, आता म्हण, चूक माझी नाही. तीसुद्धा हसायची. काम सुटल्यावर घरी काजं करायची, शर्टांची. रंगाचा ब्रश पुन्हा हातात धरला नाही. माझ्या शाळेच्या चित्रातसुद्धा नाही. मी फार चिडायचे तिच्यावर."

मोठ्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"मी पस्तीस वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये काढली, मावशी. आमच्याकडे एकच नियम. बाटलीवर ज्याचं नाव, रक्त त्याचं. त्यात मग माया नाही, दया नाही. आज वाटलं, एकदा डोळ्यांनी बघू. तर ही चोच. तिचीच. म्हणजे ती खोटं बोलत होती. बोलली तर बोलली, नोकरी गेलेलं माणूस बोलतं. पण जाताना माझा हात धरून तेच म्हणाली हो. मरतानाही आपल्या मुलीशी खोटं." तिनं नाक पुसलं. "तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. खूण तिचीच ना?"

"खूण तिचीच," मोठ्या बाई म्हणाल्या.

हे खरं होतं. एवढं खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं, हे मोठ्या बाईंना पंचावन्न वर्षांपासून ठाऊक होतं.

"बास," चिमणीची मुलगी उठत म्हणाली. "एवढंच हवं होतं." आणि ती दाराकडे चालू लागली.

सून जवळ आली. "चला आई, कॉफी घेऊ. चेहरा उतरलाय तुमचा."

मोठ्या बाई उठल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी होती. दीड वाजता चिमणीच्या शेजारणीचा निरोप आला, पोर पायरीवरून पडलीय, रक्त थांबत नाही. चिमणीचं काम अर्धं राहिलेलं. मोठ्या बाई, तेव्हा नुसत्याच शेजारच्या टेबलावरच्या मैत्रीण, म्हणाल्या, तू पळ, मी भरते. रंगखोलीत हे चालायचंच. एकमेकींचे ताव भरून द्यायचे आणि खाली तिचीच खूण काढायची, म्हणजे संध्याकाळच्या मोजणीत तिचे ताव पुरे भरत. मालकांना कळलं तर दोघी घरी, असा नियम होता. म्हणून तर सगळ्याजणींना सगळ्यांच्या खुणा काढता येत.

सतरा ताव त्यांनी आपल्या टेबलावर आणले, पाय भरून झालेले, बूट तेवढे कोरे. चित्रकारांच्या कागदावर प्रत्येक भागात पेन्सिलीनं आकडा असे, आणि कुठला आकडा म्हणजे कुठली बरणी, हे ज्या त्या पात्राच्या तक्त्यावर. सिनेमातली मुलगी चिमणीकडे होती. बेडूक मोठ्या बाईंकडे. बुटांवर आकडा आठ होता. मोठ्या बाईंनी हात लांबवला आणि आपल्या टेबलावरची आठ नंबरची बरणी ओढली. मागच्या बाजूनं, घाईघाईत, एकामागून एक सतरा. नुसते पाय, धड दुसऱ्याच तावावर. त्या बुटांना बेडकाचा हिरवा चढला, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पेपरात टिंगल आली तेव्हा मालकांनी तावच मागवून घेतले आणि खोलीच्या मधोमध उभं राहून विचारलं, ही चोच कुणाची? चिमणीनं एकदा, फक्त एकदाच, शेजारी पाहिलं. मोठ्या बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. चिमणी म्हणाली, माझी. तासाभरात ती गेली. उद्या मालकांना सांगू, असं मोठ्या बाईंनी त्या रात्री ठरवलं. दुसऱ्या रात्रीही ठरवलं. महिनाअखेरीला मालकांनी त्यांना रंगखोलीची मुख्य केलं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. एकदा त्या चिमणीच्या घरी गेल्या होत्या. ती दारातच म्हणाली, आलीस ते बरं केलंस, पण परत येऊ नकोस.

"ए पोरी," मोठ्या बाईंनी हाक मारली. आवाज फुटला, पण ऐकू गेला. चिमणीची मुलगी दारात थांबली. "इकडे ये. खूण तिची आहे. ताव मी रंगवलेत."

त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, मागचं पुढे झालं, पण काही राखून ठेवलं नाही. सुनेनं मध्ये त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला. चिमणीची मुलगी उभीच होती. पोर पायरीवरून पडली म्हटल्यावर तिचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. तिथे एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता.

"तिला माहीत होतं, तुम्हीच म्हणून?"

"पहिल्या क्षणापासून."

"आणि तरी तिनं कधी नाव नाही घेतलं."

"नाही घेतलं."

पडद्यावर कुणाचे तरी जोडे हिरवे झाले आणि मुलं खिदळली. क्युरेटर तोवर जवळ येऊन उभी राहिली होती. तिच्या तोंडावर अवघडलेपण होतं.

"आजी, तुमच्या मैत्रिणीसाठी तुम्हाला वाईट वाटतंय, ते समजतं मला," ती म्हणाली. "पण आमच्याकडे पुरावा खुणेचा आहे. आणि इतक्या वर्षांनी आठवणी..."

"आईंना हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं," सून पुटपुटली. ती बिचारी सासूला वाचवत होती.

मोठ्या बाईंना हसू आलं असतं, एरवी. पंचावन्न वर्षं खरं बाहेर पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि आता बाहेर काढलं तर कुणी घेईना.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "कालचा तुझा रस्सा खारट झाला होता, तेही लक्षात आहे." मग क्युरेटरकडे वळल्या. "रंगांचे तक्ते आहेत तुमच्याकडे? प्रत्येक पात्राचा वेगळा असायचा."

"आहेत. बाहेर काचेच्या पेटीत."

"मग बघ जा. मुलीच्या तक्त्यावर आठ म्हणजे लाल. बेडकाच्या तक्त्यावर आठ म्हणजे हा हिरवा. बेडूक त्या सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच रंगवलाय, ते तुमच्याच यादीत असेल. तो हिरवा चिमणीच्या टेबलावर नव्हताच. तिला चुकायचं म्हटलं असतं तरी तो रंग आणणार कुठून?"

क्युरेटर गेली. चिमणीची मुलगी तिच्या मागोमाग गेली. पस्तीस वर्षं नमुने तपासलेलं माणूस, दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणार नव्हतं. पेटीवर वाकलेल्या दोघी मोठ्या बाईंना लांबून दिसत होत्या. क्युरेटरनं बोटानं एक ओळ दाखवली, मग दुसरी. चिमणीची मुलगी बराच वेळ तशीच वाकून राहिली.

परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"पाटी बदलतील," ती म्हणाली. "आजच झाकून ठेवतो म्हणाली ती."

"बरं होईल."

"तुमच्यावर चिडायचं ते मी घरी जाऊन चिडीन, मावशी. पुष्कळ चिडणार आहे. आत्ता मला काही सुचत नाहीये. आम्ही हसायचो हो तिला. जेवताना, पाहुण्यांसमोर. तीसुद्धा आमच्याबरोबर हसायची."

क्षमा मागायची म्हणून मोठ्या बाईंनी तोंड उघडलं होतं, पण ती मागायची तर चिमणीची, आणि ती तर गेली. या पोरीकडे मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं.

चिमणीच्या मुलीनं पर्समधून फोन काढला आणि एक नंबर लावला. "दादा, कुठे आहेस? बस आधी. नाही, कुणाला काही झालं नाही. आईचं आहे. सगळ्यात जास्त तू हसायचास, म्हणून आधी तुला." मग तिनं फोन मोठ्या बाईंच्या पुढे धरला. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

सून म्हणाली, "अहो, त्यांना थोडं बसू तरी द्या."

"बसल्याच आहेत की त्या," चिमणीची मुलगी म्हणाली. हात तिनं मागे घेतला नाही.

मोठ्या बाईंनी फोन घेतला. तो कानाला कसा लावायचा तेही क्षणभर सुचेना. पलीकडून एक पोक्त, दमलेला आवाज विचारत होता, "कोण बोलतंय?"

त्यांनी आपलं नाव सांगितलं, सबंध, आडनावासकट. आणि मग त्या दुपारपासून सुरुवात केली.