शिशावरची रेघ

मी एक जुना ठसा आहे, मित्रांनो. शाईत तोंड बुडवून कागदावर धपाधप मारतात तो रबरी शिक्का वेगळा, त्याची आणि माझी सोयरीक नाही. मी पोलादाचा. चार बोटं लांब, अंगठ्याएवढा जाड. डोक्यावर हातोडीचा घाव सोसायचा आणि तळाशी कोरलेलं चित्र कात्रीवर उमटवायचं, हे माझं काम. ते चित्र बगळ्याचं होतं. एका पायावर उभा, चोच किंचित उघडी. बगळा म्हटला की लोकांना ढोंग आठवतं, हे मला ठाऊक आहे. माझा बगळा बिचारा सरळ होता, ढोंग केलं ते माणसांनी.

मला आबांनी घडवलं. आबा शिंप्यांच्या कात्र्या बनवत. डोळ्याला भिंग लावून आठ दिवस ते माझ्या तळाशी एकेक पीस कोरत बसले होते. मग मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं, तेव्हा मी असा काही फुत्कारलो की कारखान्यातलं मांजर पळालं ते दोन दिवस फिरकलं नाही. कारखाना म्हणजे तरी काय, तीन खोल्या. एकीत भट्टी, दुसरीत धार लावायची चाकं, तिसरीत एक लांब टेबल. त्या टेबलाच्या खणात माझी जागा होती.

आबांचा नियम कडक होता. तयार कात्रीने आधी जाड कापडाचे चार पदर कापून बघायचे, मग भिजवलेलं तलम रेशीम. रेशीम जरा जरी चावलं गेलं तरी ती कात्री परत भट्टीकडे. पास झाली तरच तिच्या मुठीजवळ, जिथलं लोखंड मऊ राखलेलं असतं तिथे, मला उभं धरायचं आणि एकच घाव घालायचा. दुसरा घाव पडला की बगळ्याला दोन चोची फुटल्याच म्हणून समजा.

तो एक घाव घालत आबांचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना काका म्हणत. काकांसारखा हात मी पाहिला नाही. बोलताना अडखळायचे, चारचौघांत बुजायचे, पण हातोडी हातात आली की माणूस बदलायचा. तीस वर्षं त्यांच्या डाव्या मुठीत मी उभा राहिलो. त्यांच्या तळव्याला माझ्या जाडीचा घट्टा पडला होता. मला वाटे, हा हात आपला आहे. मित्रांनो, असं कुणाबद्दल वाटणं हे मोठं सुख असतं, आणि तेच पुढे जन्माचं दुखणं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. रोज सकाळी माझा पहिला घाव कात्रीवर पडत नसे. काका आधी शिशाच्या छोट्या तुकड्यावर मला मारून बघत. शिसं मऊ, त्यामुळे त्यात बगळ्याचं पीस न् पीस खोलवर उमटे. कात्रीवरचा बगळा नंतर घासून-पुसून थोडा बुजतो, शिशावरचा मात्र माझा हुबेहूब चेहरा असे. चित्र नीट उमटलं की मग कामाला सुरुवात. त्या तुकड्यामागे तारीख खरडून तो पत्र्याच्या डब्यात टाकत, आणि वर्ष सरलं की सगळे तुकडे वितळवून पुन्हा नवी पट्टी ओतत. या रिवाजाची बाहेरच्या कुणाला फारशी माहितीही नव्हती.

ते दिवस चांगले होते. आमच्या गल्लीतली एक शिंपीणबाई तर बगळा छाप कात्रीवर इतकी खूश, की घरच्यांना दम भरायची, "माझी कात्री कागदाला लावाल तर हात मोडून ठेवीन!" असं काही ऐकलं की मी खणात फुगून बसे. 

मग आबा गेले. जाण्याआधी त्यांनी कारखाना लेकीच्या नावे केला. तिला सगळे ताई म्हणतात. ताई हुशार, मेहनती, जिभेने जरा तिखट. काकांना त्या वेळी कुणी काही विचारलं नाही. काकाही काही बोलले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे आले, शिशावर मला मारलं आणि कामाला लागले. मला वाटलं, किती समंजस माणूस!

ताईने टेबलावर लॅपटॉप आणला आणि आमच्या कात्र्या ऑनलाइन बाजारात मांडल्या. तो बाजार कसा असतो हे मी ऐकून ऐकून शिकलो. विकणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधे बाजार भरवणारी कंपनी. ती स्वतः काही बनवत नाही, पण कुणाला जागा द्यायची आणि कुणाला उठवायचं ते तीच ठरवते. सुरुवातीला आमचं बरं चाललं. लांबलांबचे शिंपी कात्र्या मागवू लागले. ताईने आणखी चार कारागीर घेतले. भट्टी, चाकं आणि पेट्या भरणारे धरून सात घरं आमच्या बगळ्यावर जेवू लागली.

आणि एक दिवस तक्रारी सुरू झाल्या. कात्री आठ दिवसांत बोथट झाली. खिळा निसटला. मूठ तुटली. ताई चक्रावली, कारण तक्रार करणाऱ्यांची नावं आमच्या गिऱ्हाइकांत नव्हतीच. तिने त्या बाजारात शोधलं, तर बगळा छाप कात्र्या विकणारी पंधरा-वीस दुकानं! फोटो आमचेच, पेटी आमच्यासारखीच, मुठीजवळ माझाच बगळा. मी स्वतः तो पडद्यावर पाहिला. आरशात बघावं आणि आरशातल्याने डोळा मारावा, तसं मला झालं.

ताईने कंपनीकडे तक्रार केली. एक दुकान बंद झालं, दुसऱ्या दिवशी शेजारी दोन उघडली. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच यांत्रिक उत्तर, "आपली तक्रार नोंदवली आहे." शेवटी घडलं ते ऐका. बगळा छाप कात्र्यांबद्दल इतकी ओरड झाली की कंपनीने आमचंच दुकान बंद केलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पंधरा दिवसांत माल खरा असल्याचा पुरावा द्या, नाहीतर दुकान कायमचं बंद, असं पत्र आलं.

ताईने फोन लावून लावून अखेर कंपनीतली एक हाडामासाची बाई गाठली. तक्रार विभागातली अधिकारी होती ती. बोलायला तुसडी नव्हती.

"ताई, तुमचं खरं असेलही," ती म्हणाली, "पण मी इथे बसून ओळखू कसं? दोन्ही फोटोंत बगळा सारखाच दिसतोय. खरं-खोटं वेगळं करणारी एक तरी खूण द्या. फोटोत दिसेल अशी. मग आम्ही झाडून सगळी दुकानं तपासतो."

अशी खूण ताईकडे नव्हती. मागवलेली नकली कात्री अजून पोचायची होती, म्हणून तिने भिंग घेऊन आमच्याच कात्र्या दिवसचे दिवस न्याहाळल्या. दहा दिवस असेच गेले.

अकराव्या दिवशी आमची ती गल्लीतली शिंपीणबाई तरातरा आत आली. बोटाला पट्टी बांधलेली. तिने टेबलावर कात्री आपटली.

"ताई, तुमच्या वडलांचं नाव तरी राखायचं होतं! स्वस्त दिसली म्हणून भाचीसाठी ऑनलाइन मागवली. पहिल्याच दिवशी मूठ तुटली नि पातं माझ्या बोटात. गिऱ्हाइकाच्या कोटाचं वाटोळं झालं ते वेगळंच."

ताईने कात्री उचलली आणि भिंगाखाली धरली. मुठीजवळ बगळा होता, पण त्याच्या पायावर केसाएवढी एक आडवी रेघ होती.

"ही रेघ आपल्या बगळ्याला नाही," ताई पुटपुटली. "काका, बघा बरं."

काकांनी भिंगातून पाहिलं आणि ते पटकन बोलून गेले, "अगं, तो लोखंडाचा कीस अडकला होता. मी लगेच साफ केला, एकाही कात्रीवर जाऊ दिला नाही."

बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला तर ती सकाळ लख्ख आठवली. माझ्या तोंडात लोखंडाचा बारीक कीस अडकला होता. काकांनी शिशावर मला मारलं, रेघ दिसली, तारेच्या ब्रशने माझं तोंड घासलं आणि दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा मारलं. दुसरा बगळा स्वच्छ उमटला. ती रेघ साऱ्या जगात फक्त एका शिशाच्या तुकड्यावर होती.

ताईलाही ते कळायला वेळ लागला नाही. तिने पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला आणि तुकडे तारखेप्रमाणे लावले. एका तारखेला "दोनदा मारला" असं काकांनीच तुकड्यामागे खरडलेलं होतं. त्या तारखेचा तुकडा मात्र एकच होता.

"दुसरा कुठं आहे, काका?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "तो कात्र्यांचा दलाल यायचा बघ, गोड बोलणारा. तो म्हणाला, काका, या कारखान्याचा खरा हात तुमचा. आठवण म्हणून एक तुकडा द्या." मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या तुकड्यावरून तो दुसरा ठसा घडवणार ते मला कळत होतं. पण मी ठसा नाही दिला गं. चांगला तुकडाही नाही दिला. खराब होता तोच दिला."

"खराब दिला म्हणजे दिला नाही असं होतं का?"

"तीस वर्षं मारला मी ठसा!" काकांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "दादाने कारखाना तुला देताना मला एका शब्दाने विचारलं नाही. तूही नाही."

शिंपीणबाई बोटाची पट्टी सावरत मागे सरकली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचा आवाज हलला नाही. "मला बोलायचं होतंत ना काका. भांडायचं होतंत. या बाईचं बोट कापलंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगू? परक्याने माझी नक्कल केली याचा राग होताच, पण तो चोरच होता, चोराकडून कसली अपेक्षा? माझा चेहरा काढून दिला तो माझ्याच माणसाने. रोज सकाळी मी विश्वासाने त्या मुठीत उभा राहत होतो. दलालाला तुकडा दिला त्याच्या दुसऱ्या सकाळीही राहिलो असेन. आणि त्या हाताने मला काहीच जाणवू दिलं नाही.

ताईने अधिकारी बाईला फोन लावला. खूण सापडली होती. पण बाईने रास्त प्रश्न विचारला, "ही रेघ तुमच्या मालावर नाही आणि त्यांच्या मालावर आहे, ते दिसतंय. पण आली कुठून? तुकडा कुणाकडून कुणाकडे गेला, ते ज्याने दिला त्याने सही करून लिहून द्यावं लागेल. त्याशिवाय मला कुरिअरवाले, पैसे पोचवणारे अशा बाकीच्या कंपन्यांना हलवता येणार नाही."

आता सारं काकांच्या सहीवर आलं. सही केली तर जन्मभराची अब्रू जाणार होती, नाही केली तर सात घरांच्या चुली विझणार होत्या. काका दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कुणाकडेही न बघता टेबलाशी बसले आणि सगळं लिहून दिलं, दलालाच्या नावासकट. 

मग मात्र चक्रं फिरली. गिऱ्हाइकांनी तक्रारीसोबत पाठवलेल्या ज्या ज्या फोटोत रेघेचा बगळा दिसला, ती सगळी दुकानं कंपनीने एका दमात बंद केली. माल पोचवणाऱ्या कुरिअरवाल्यांनी पत्ते जुळवून पाहिले, तर एकेचाळीस दुकानांचा माल एकाच गोदामातून निघत होता. गिऱ्हाइकांचे पैसे दुकानांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने त्यांची खाती गोठवली. इंटरनेटवर वस्तू शोधून देणाऱ्या आणि जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांनीही ती नावं काढून टाकली. एकट्या ताईने तीन-चार महिने डोकं आपटून जे झालं नव्हतं, ते या मधल्या मंडळींनी एकमेकांशी बोलल्याबरोबर नऊ दिवसांत झालं. आमचं दुकान पुन्हा उघडलं.

मी सुटकेचा श्वास टाकला, पण घाईच केली. अधिकारी बाईने ताईला सांगितलं, "तुमच्या जुन्या चिन्हाची नक्कल बाहेर फिरतेच आहे. रेघ पुसून ते पुन्हा विकतील. नवं चिन्ह करा, आमच्याकडे नोंदवा आणि जुनं रद्द करा." तिचं चूक नव्हतं. पण खोट्याची सजा खऱ्याने भोगायची, हे मला अजून पचलेलं नाही.

ताईने मला खणातून काढलं आणि कानशीसोबत काकांसमोर ठेवलं. "तुम्हीच घासा," एवढंच म्हणाली.

काकांनी मला भट्टीत तापवून मऊ केलं, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि घासायला घेतलं. आधी चोच गेली, मग डोळा, मग पंख, मग पाय. पोलाद चिवट, दुपार उलटली तरी काम चाललंच होतं. मधेच ते थांबले आणि माझ्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "चुकलो रे." मला ऐकू आलं, उत्तर देता आलं नाही. देता आलं असतं तरी दिलं नसतं.

मित्रांनो, आता माझं तोंड कोरं आहे. तुम्ही मोठे व्हाल, अशा बाजारांत वस्तू घ्याल. स्वस्त दिसलं म्हणून हुरळू नका, विकणारा कोण ते बघा. खोटी वस्तू गळ्यात पडली तर लाजून गप्प बसू नका, कळवा. बाजार भरवणाऱ्यांनो, तुम्हीही कारागिराची हाक यंत्राच्या उत्तरावर सोपवू नका. आणि तुमचं नाव रोज ज्याच्या हातातून जातं, त्या माणसाला कधीतरी जवळ बसवून विचारा, की बाबा, तुझ्या मनात काय आहे? आबांनी विचारलं असतं तर कदाचित हे घडलं नसतं. ताईने काकांना परत कामावर घेतलं आहे, नवा ठसा तेच मारतात. लोक म्हणतात, तूही माफ कर. मी प्रयत्न करून पाहिला. पण माफ करायला आधी समोरच्याकडे बघावं लागतं, आणि माझे डोळे त्यांनीच घासून टाकले आहेत.