मंजुरीसाठी वाचन

विद्यापीठाच्या अभिलेखागारात जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. त्या ऐकून कागदावर उतरवायचं काम माझं. उतरवलेलं सगळं सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, त्याला नको असेल ते खोडायचं आणि मग सही घ्यायची, असा आमचा नियम. सही झाल्याशिवाय कागद कपाटात जात नाही.

मेणबत्त्यांच्या कारखान्यातल्या आगीबद्दल सांगायला एक आजी आपणहून आल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी चौदा माणसं मागच्या बंद दाराशी गुदमरून गेली. त्या दाराचे पहारेकरी म्हणजे आजींचे यजमान. त्या दिवशी ताप भरला म्हणून ते दुपारीच घरी आले होते. किल्ली खिशात घालून गेला, असं लोक म्हणत राहिले. निघताना मॅनेजरकडे दिली होती, असं आजी म्हणत राहिल्या. डोळे मिटायच्या आत हे एकदा कुठेतरी पक्कं लिहिलेलं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या दोन दिवस बोलल्या. दुसऱ्या दिवशीचं बोलणं उतरवताना माझा हात एके ठिकाणी थांबला. तीनदा मागे नेऊन ऐकलं. वरिष्ठांना विचारलं, तर ते म्हणाले, आपण वाचून दाखवायचं, बाकी त्यांचं त्या बघतील. दोन दिवस सकाळी जपाला बसले तरी मन लागेना. खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. पण एखादी ओळ वाचायची राहूनच गेली, तर ते खोटं का, हे मला ठरवता येईना.

वाचनाला आजी लेकीला घेऊन आल्या. मी चार पानं वाचली, तशी त्यांची कळी खुलली. "मी एवढी बडबडते? सून म्हणायची ते खरंच की." लेकही हसली. सहाव्या पानावर मॅनेजरचं आलं, तेव्हा त्यांनी टेबलावर बोट आपटून हे ठळक लिही म्हणून सांगितलं.

तेविसाव्या पानाआधी मी पाणी प्यायले. मग वाचलं, "त्यांचा डोळा लागला. मी सदरा धुवायला घेतला. खिसे रिकामे केले. विड्या, काडेपेटी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं फळीवर ठेवलं. सदरा दोरीवर टाकायला गेले, तर कारखान्याकडे धूर."

आजींनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"घराच्या किल्ल्या असतील, आई," लेक घाईघाईने म्हणाली.

"आपल्या घराला नुसती कडी होती. कुलूप तू नोकरीला लागलीस तेव्हा आलं."

लेक माझ्याकडे वळली. एवढं वाक्य खोडा, तसा नियमच आहे ना, म्हणाली. मी पेन्सिल उचलली, पण सांगणाऱ्याने म्हटल्याशिवाय मला खोडता येत नाही. आजींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. आगीनंतर यजमान बोलेनासे झाले होते, हे त्या स्वतःशीच सांगत होत्या. लोकांच्या टोमण्यांनी माणूस खचला, असं त्या समजत आल्या. नळावर कोणी काही बोललं, की त्या पदर खोचून भांडायच्या, आणि ते हाताला धरून त्यांना घरात आणायचे.

"त्यांना ठाऊक होतं गं," आजी म्हणाल्या. "एकवीस वर्षं माझ्या शेजारी झोपले, आणि एकट्यानेच सोसलं."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅनेजरचं कितव्या पानावर आहे?"

"सहाव्या."

"ते खोड. हे राहू दे."

"आई, मग बाबांच्या बाजूने उरलं काय?"

आजींनी सहीसाठी पेन मागितलं. मी सहाव्या पानावर रेघ ओढली. त्यांनी सही केली, अक्षर वाकडंतिकडं आलं. घरी न्यायची प्रत मी पुढे केली, ती त्यांनी टेबलावरच राहू दिली.

मग त्यांनी विचारलं, त्या चौदांपैकी कोणाच्या घरचं इथे येतं का. एकाचा धाकटा भाऊ जुनी वर्तमानपत्रं चाळायला येतो, असं मी सांगितलं. आजी त्याला ओळखत होत्या. नळावर सगळ्यात जास्त भांडण त्याच्याशीच झालेलं.

"तो आला, की त्याला वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "मला बोलावू नकोस. मला त्याच्याकडे बघवायचं नाही."

लेकीने त्यांना हात देऊन उठवलं. दाराशी पोचेपर्यंत दोघींना खूप वेळ लागला. लेकीने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.