बाबांच्या तरुणपणचं विमान

नीलपंख एअरवेज ही कंपनी जेमतेम चार वर्षांची, पण मालकांची हौस दांडगी. इतर कंपन्यांनी एकेक विमान आपल्या जुन्या रंगात रंगवून घेतलं, लोक फोटो काढायला धावले आणि मालकांचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी ऑफिसातल्या चित्रकार मुलीला बोलावलं.

"आपलंही एक विमान जुन्या रंगात पाहिजे."

"साहेब, पण आपला जुना रंगच नाही."

"नाही ना? मग तयार कर की!"

आता मालकापुढे काय बोलणार, कपाळ? तिनं सायीच्या रंगाचं अंग काढलं, खिडक्यांखालून भोपळ्याच्या रंगाचा पट्टा ओढला, शेपटीवर सूर्य बसवला आणि गोलमटोल अक्षरांत नाव घातलं. मालकांनी वर इतिहासही ठोकून दिला. म्हणे, कंपनी त्यांच्या आजोबांनी काढली. ते आजोबा हयातभर सायकलवरून फिरले होते!

विमान उडायला लागलं आणि लोक वेडे झाले. "आमच्या लहानपणी हेच होतं हो!" म्हणत एका बाईंनी विमानतळावर डोळे पुसले. चित्रकार मुलीनं डोक्याला हात लावला.

संध्याकाळी ती बाबांच्या सलूनमध्ये गेली. बाबा एका वकिलांच्या गालांना साबण फासत होते. समोर पेपरात विमानाचा फोटो.

"याच विमानातून गेलो होतो मी, तरुणपणी," बाबा सांगत होते. "काय थाट होता, वकीलसाहेब!"

अरे देवा! बाबा जन्मात विमानात बसले नव्हते. गिऱ्हाइकांनी परदेशच्या बढाया मारायच्या आणि बाबांनी "हो का? वा!" म्हणत दाढी करायची, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. मुलीला गलबलून आलं.

वकिलांनी फेसातूनच विचारलं, "काय गं, तू तिथंच ना कामाला? खरं का हे?"

बाबांचा ब्रश थांबला. बाकावरची माणसंही तिच्याकडे बघायला लागली. ती नाही म्हणाली असती, तर बाबांना उद्यापासून दुकानात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"खरं म्हणजे काय, काका! बाबांनी वर्णन केलं म्हणून तर मला तो रंग जमला."

"मग बसव की त्यांना परत त्याच विमानात!" वकील म्हणाले. "आम्ही सगळे सोडायला येतो."

आणि आले की खरंच! अख्खं सलून विमानतळाच्या दारात हात हलवत उभं. बाबा इस्त्रीच्या शर्टात, ताठ मानेनं मुलीबरोबर आत गेले.

जागेवर बसल्यावर मात्र त्यांची गाळण उडाली. पट्ट्याची दोन टोकं हातात धरून ते नुसते चाचपडत राहिले. मुलीनं वाकून पट्टा लावून दिला आणि हळूच म्हणाली, "तुमच्या वेळी पट्टे वेगळे होते ना, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्या वेळी काहीच नव्हतं गं, पोरी."

विमान वर उचललं गेलं तसा त्यांनी तिचा हात गच्च धरला. मग शेजारच्या प्रवाशाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पूर्वी याहून जास्त हलायचं."