चावलेल्या कोंबाचा वास

मी चहाचं एक झुडूप बोलतोय. तैवानमधल्या एमेइ गावात, त्सुई-लानच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चरापलीकडच्या शेवटच्या ओळीत मी उभा आहे. घरात काय चाललंय ते मला ऐकू येतं. फारसं काही वाटत मात्र नाही.

पूर्वी वाटायचं. उन्हाळा तापला की नखाएवढेही नसलेले हिरवे तुडतुडे कोवळ्या कोंबांवर येऊन बसायचे आणि सोंड खुपसून रस ओढायचे. पहिले काही चावे चांगलेच झोंबायचे. मग कोंबाची वाढ खुंटायची, कडा पिवळ्या पडायच्या, आणि माझ्या आत भलताच रस तयार व्हायला लागायचा. साध्या पानात नसतात अशी सुगंधी तेलं त्या जखमेभोवती जमायची. तो वास मी माणसांसाठी सोडत नाही. तुडतुडे खाणाऱ्या कोळ्यांना ती माझी हाक असते. कोळी कधी येतात, कधी येत नाहीत. माणसं मात्र नेमाने येतात, तेच कोंब खुडतात, त्यांचा चहा करतात आणि म्हणतात, वा, काय मधासारखा वास आहे!

म्हणून आमच्या गावात उन्हाळ्यातला होड्यांच्या शर्यतींचा सण होईपर्यंत कुणी चहावर औषध मारत नाही. दुसरीकडे कीड दिसली की लोक पंप काढतात. इथे कीड दिसली नाही की तोंडं उतरतात.

त्सुई-लान आणि तिचा नवरा युन-शेंग, दोघं मिळून चहा करायचे. तो मोठ्या कढईसमोर घाम गाळायचा आणि ती सुपातली पानं हाताने हलवत, वाकून वास घेत सांगायची, "आता." तिने आता म्हटलं की तो एक क्षणही न थांबता पानं कढईत टाकायचा. एरवी मात्र दोघांचं मिठावरूनसुद्धा भांडण.

थंडीत युन-शेंग गेला. त्सुई-लान रडली नाही. बायका म्हणाल्या, धीराची आहे. मला तसं वाटलं नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहायची, कोंब खुडायची, चुरगाळून नाकाशी धरायची आणि टाकून द्यायची. पुन्हा दुसरा खुडायची.

मुलगा वेन-हाउ शहरातून बायकोला घेऊन आला. म्हणाला, "आई, बास झालं आता. झुडपं उपटून टाकू, जमीन कुणाला तरी देऊ. तू आमच्याकडे चल."

त्सुई-लानने खिडकीतून बागेकडे बघितलं. मग म्हणाली, "या वर्षीचा चहा करते. मधाचा वास आला तर बाग राहील. नाही आला तर उपट. वास मी घेणार."

"ठरलं," वेन-हाउ म्हणाला, आणि आईच्या मदतीला बायकोला ठेवून कामावर परत गेला.

ही सून, यी-जुन, बंदराच्या गावातली. पोरगी कामाला वाघीण, पण चहा तिने फक्त दुकानात बघितलेला. एका सकाळी तिला माझ्या भाऊबंदांचे पिवळे, आखडलेले कोंब दिसले. सासू दुःखात, म्हणून बागेची आबाळ झाली, असं वाटून तिने कुणाकडून तरी फवारणीचा पंप आणला आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. औषधाचा उग्र दर्प खिडकीतून थेट घरात शिरत होता. त्सुई-लान खिडकीत शेंगा सोलत बसली होती. ती उठली नाही. मान वर केल्यावर पंप दिसला, तेव्हा कुठे केरसुणी उचलून धावत आली.

"बंद कर ते!"

"आई, कीड साफ करतेय. बघा ना, किती खाल्लंय!"

"खाऊ दे. खाल्लं नाही तर आपण काय खायचं?"

यी-जुन रडकुंडीला आली. पूर्वीची त्सुई-लान असती तर साऱ्या गल्लीने तिचा आवाज ऐकला असता. या वेळी ती फक्त म्हणाली, "पुरे. आत जा. हातपाय धू."

चरामुळे आमची एक ओळ वाचली. बाकीच्या बागेतले उरलेसुरले तुडतुडे आमच्यावर तुटून पडले. एका कोंबावर किती बसले असतील देव जाणे. सुरुवातीला झोंबलं, मग झोंबेनासं झालं. आतला रस मात्र आपोआप तयार होत राहिला.

त्याच आठवड्यात घरात मोहरीच्या वाळल्या पाल्याबरोबर शिजत ठेवलेलं डुकराचं मांस करपलं. धूर माझ्यापर्यंत आला. यी-जुन अंगणातून पळत गेली. "आई! तुम्ही शेजारीच बसलाय की! वास नाही आला?"

"लक्ष नव्हतं," त्सुई-लान म्हणाली.

सण जवळ आला. दोघींनी आमच्या ओळीतले कोंब खुडले, अंगणात सुपांत पसरले. त्सुई-लान पानं हलवू लागली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "पोरी, इकडे ये. शीक जरा. कसला वास येतोय?"

"गवताचा."

"थांब मग."

पुन्हा हलवलं, पुन्हा विचारलं. ऊन कललं. यी-जुन वाकली आणि तशीच राहिली. "पिकलेल्या फळासारखा येतोय. गोड."

"आता," त्सुई-लान म्हणाली. तिचं कढईकडे लक्ष गेलं. तिथे कुणी उभं नव्हतं. मग तीच उठली. पानं परतली, ओल्या फडक्यात बांधून ठेवली, मळली, वाळवली. तयार झाला तो जेमतेम एक डबा.

सणाला वेन-हाउ आला. बांबूच्या पानात बांधलेला भात खाऊन झाल्यावर यी-जुनने चहा ओतला. वेन-हाउने पेला नाकाशी नेला.

"बाबांचा चहा," तो म्हणाला. मग सावरून, "पण ठरलंय ते ठरलंय. तू सांग, आई."

त्सुई-लानने पेला उचलला. वाफ तिच्या तोंडावर आली. तिने डोळे मिटले नाहीत. खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. यी-जुन सासूकडे बघत होती.

"येतोय," त्सुई-लान म्हणाली. "मधाचा."

दुपारी वेन-हाउ झोपल्यावर दोघी माझ्याजवळ आल्या.

"तुला कधी कळलं?" त्सुई-लानने विचारलं.

"मांस करपलं तेव्हा शंका आली. सुपांपाशी खात्री झाली."

"ते गेल्यापासून कसलाच वास येत नाही. हाउला सांगू नकोस."

"नाही सांगणार. पुढच्या उन्हाळ्यात मी येईन, आई. वास घ्यायला."

त्सुई-लानने माझा एक आखडलेला कोंब खुडला, चुरगाळला आणि या वेळी स्वतःच्या नाकाशी न नेता सुनेच्या नाकाशी धरला.

"सांग," ती म्हणाली.

मी अजून तिथेच उभा आहे. ऊन तापायला लागलंय, तुडतुडे परत आलेत. चावा बसतो तो मला कळत नाही, आणि सुटणारा वास माझा मलाच येत नाही. तुम्ही कधी या वाटेने आलात आणि माझे कोंब पिवळे दिसले, तर दया येऊन पंप आणू नका. जवळ या, वाका, आणि कसला वास येतोय ते खिडकीतल्या बाईला मोठ्याने सांगा.