दुधात उतरणारी पानं

तकिय्याची लेक घैदा दोन महिन्यांची झाली तरी धड झोपत नव्हती. डोळे टक्क उघडे, मुठी वळलेल्या, दूध पिता पिता चिडून तोंड फिरवायची. सासू हूरिय्या म्हणाली, पोटात वारं शिरलंय, तापल्या सळईचा डाग द्यायला हवा. आमच्या सना शहरात असे वण पुष्कळांच्या पोटावर आहेत. तकिय्याच्याही होते. तिनं पोरीला शालीत गुंडाळलं आणि कुणाला न सांगता दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गातचा नशेचा पाला चघळतेस का? तकिय्याला हसूच आलं. दुपारी गालात पाला धरून गप्पांना बसत नाही अशी बाई आहे कुठे? बाईंनी मग समजावलं. पानांतला अंमल रक्तात जातो, यकृत त्याचं रूप बदलतं आणि एक-दोन दिवसांत तो लघवीवाटे निघून जातो. थोडा मात्र दुधात उतरतो.

"तुझ्या अंगातून तो जातो गं. हिचं यकृत अजून कच्चं आहे, हिच्यात रेंगाळतो. तो जायच्या आत तू परत पाजतेस."

त्या दिवसापासून नवऱ्यानं हौसेनं आणलेली गातची जुडी तकिय्या त्याच्याच हातात परत देऊ लागली. डोकं ठणकायचं, भलती स्वप्नं पडायची, दिवसभर पेंग यायची. तरी तिनं पानाला हात लावला नाही.

हूरिय्याला हा आपला अपमान वाटला. एका दुपारी घरात पाला चघळणाऱ्या बायकांची बैठक भरली असताना तिनं निखाऱ्यांत सळई तापत ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "याच दुधावर माझी पोरं वाढली. हिचं दूध काय जगावेगळं?"

"वाढली ती दिसतात, आत्याबाई," तकिय्या म्हणाली. "गेली त्यांची नावंही घ्या ना."

तकिय्यानं चिमट्यानं सळई उचलली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली.

हूरिय्यानं कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. घैदा हळूहळू झोपायला लागली, तेव्हा आपण बांधलेल्या ताइताचा गुण आला असं तिनं गल्लीभर सांगितलं. तकिय्यानं ते खोडून काढलं नाही. पण बैठकीतली जागाही सोडली नाही. रोज दुपारी ती तिथेच, रिकाम्या गालांनी, सगळ्यांसमोर पोरीला पाजायची. पुढे शेजारची ओली बाळंतीण नजीबा तिच्याजवळ येऊन बसली आणि समोर आलेली जुडी तिनं बाजूला सरकवली.