गच्छानि वा?

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटलेले असतानाच परत विचारलं, "गच्छानि वा?" उशाशी बसलेल्या प्रभाकर सरांनी बायकोच्या अंगावरची चादर सारखी केली.

म्हणजे 'मी जाऊ का?' डोंबिवलीतल्या या घरात, याच हॉलमध्ये सर संस्कृतचे क्लास घ्यायचे. आज्ञार्थातला उत्तमपुरुष, म्हणजे 'मी'चं रूप, आला की कुणीतरी शहाणं विचारायचंच, "सर, स्वतःलाच ऑर्डर कशी द्यायची?" सर म्हणायचे, "ऑर्डर नाही रे गाढवा, परवानगी!" मग नियमच झाला. 'गच्छानि वा?' विचारल्याशिवाय उठायचं नाही आणि सर 'गच्छ', म्हणजे 'जा', म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. सरही काही कमी नव्हते, मुद्दाम ताटकळत ठेवायचे. "पूर्ण वाक्य बोल!" बाथरूमला निघालेली पोरं रडकुंडीला यायची. मंदाकिनीबाईसुद्धा पिशवी घेऊन दारात उभ्या राहून थट्टेने विचारायच्या, "भाजीला गच्छानि वा?"

आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. कालपासून बाईंच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

"बाबा, एकदा 'गच्छ' म्हणा ना," त्यांची लेक अंतरा रडत म्हणाली. "आई तुमच्यासाठी अडकलीये. किती हाल बघायचे तिचे?"

"तू गप्प बस!" सर खेकसले. म्हणा म्हणे! जीभ रेटायला नको? शेवटी त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले, "पूर्ण वाक्य बोल, मंदा."

बाईंनी कसाबसा श्वास गोळा केला. "अहं... गृहं... गच्छानि वा?"

"अगं, घरीच आहेस ना तू," म्हणता म्हणता सरांना हुंदका फुटला. आता अडवायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. काळीज दगडाचं करून ते म्हणाले, "गच्छ."

बाईंनी मान हलवली. अंतराने गंगाजळाची वाटी आणली. दोघं बाईंच्या छातीकडे बघत बसली. श्वास चालूच राहिला.

दिवेलागणीला बाईंनी डोळे उघडले. मघाचं काही म्हणता काही त्यांच्या लक्षात नव्हतं. सरांकडे बघत त्यांनी नव्याने विचारलं, "गच्छानि वा?"

हे एकदाच म्हणायचं असतं, असं धरून सरांनी मघाशी सगळा जीव एकवटला होता.

"बाबा, परत म्हणा."

सरांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. बाई परवानगीची वाट बघत राहिल्या.