दोन दमयंती

माणसाच्या मागे लागलेली छाया साध्या डोळ्यांना दिसत नाही. ती पाहायला दिव्यदृष्टी लागते. पनवेलला ही दृष्टी दर शनिवारी, एस.टी. स्टँडजवळच्या एका सभागृहात, सकाळी दहा ते एक मिळत असे. चपला बाहेर, मोबाइल सायलेंटवर.

दृष्टी होती स्फटिकानंद महाराजांच्या हातात. काचेसारखा स्वच्छ, साबणाच्या वडीएवढा, जरा तिरका दगड. भक्ताने कागदावर नाव लिहायचं, महाराज त्यावर दगड ठेवणार आणि एकाची दोन नावं दिसणार.

"एक तुम्ही. हा दुसरा कोण?"

भल्याभल्यांना घाम फुटे. रांगेत माझ्या पुढच्या सॉफ्टवेअर इंजिनियरने हात जोडून विचारलं, "महाराज, हा सेकंड युजर डिलीट होईल ना?"

झाला की! महाराजांनी दगड घंगाळातल्या झेंडूच्या फुलांखाली बुडवला, काहीतरी पुटपुटले, बाहेर काढून पुन्हा ठेवला. नाव एकच. जयजयकार. माझ्या बायकोने, अरुंधतीने, मला कोपराने ढोसलं, "आता तरी हात जोड."

तेवढ्यात जासईच्या भामाबाई पुढे झाल्या. खाडीतली कालवं शिंपा फोडून विकतात. सोबत सून दमयंती आणि कॉलेजात पहिल्या वर्षाला भूगर्भशास्त्र शिकणारी मुलगी समृद्धी.

"म्हाराज, ही घरान आली नि माज्या पोराची, जीवनची, कंटेनर यार्डातली नोकरी गेली. काय हाय हिच्या मागं?"

महाराजांनी दगड पुन्हा घंगाळात बुडवून काढला आणि हिच्या नावावर ठेवला. दोन दमयंती. महाराजांनी दगडापेक्षा सासूचा चेहरा जास्त वेळ वाचला.

"जबर आहे. ही छाया घंगाळाला जुमानायची नाही. हिला माहेरी पाठवा."

दमयंतीची बॅग तिच्या पायाशीच होती. निकाल लागायच्या आधीच भामाबाईंनी ती भरून आणली होती.

"थांबा," समृद्धी म्हणाली आणि तिने टेबलावरचा दगड उचलून आईच्या आधार कार्डावर ठेवला. दोन भामा.

"आगो बाय! मना कोन लागलंय?"

"मंग तुजी पन बॅग भर, आये. वैनी माहेरी, तू मामाकडं. कालवं म्हाराज फोडतील."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. महाराज गरजले, "बाळ, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!"

"श्रद्धेची नाही, दगडाची घेतेय. परवाच प्रॅक्टिकल झालं."

दगड आता महाराजांच्या व्हिजिटिंग कार्डावर गेला. दोन स्फटिकानंद.

महाराज मुरलेले होते. "एक देह, एक आत्मा!" निम्म्या सभागृहाने हात जोडले. समृद्धीने दगड जागच्या जागी फिरवला. एक स्फटिकानंद हलेना, दुसरा त्याच्याभोवती फिरू लागला.

"तुमचा आत्मा तुम्हालाच प्रदक्षिणा घालतोय, महाराज."

मग तिने घंगाळ उपडं केलं. पाणी आलं, झेंडू आले आणि शेवटी ठणकन दुसरी वडी पडली. तसाच आकार, तशीच तिरकी. तिच्याखाली मात्र सगळं एकेकच दिसत होतं.

"ही काच. आणि हा कॅल्साइट. कॅल्साइटमधे उजेड शिरला की त्याचे दोन किरण होतात, म्हणून खालचं सगळं दुहेरी. देवाचं नाव खाली ठेवा, तीही दोन दिसतील. मंत्र संपेपर्यंत फुलांखाली वडी बदलायची, की भूत पळालं."

"मग माझा सेकंड युजर?" इंजिनियरने काळजीने विचारलं. त्याला उत्तर द्यायला महाराज जागेवर नव्हते. चपलाही नव्हत्या, त्यांच्या आणि घाईत उचललेल्या अरुंधतीच्या.

एवढंच सांगायचंय, मंडळी: ज्या दगडाने सुनेत भूत दाखवलं, तो एकदा सासूच्या नावावर ठेवून बघा, एकदा महाराजांच्या. त्याला पदवी लागत नाही, हात पुढे करावा लागतो.

बॅग दमयंतीने उचलली, पण गाडी जासईची पकडली. स्टँडवर भामाबाईंनी हळूच विचारलं, "पन त्यो दगड हिमालयातला व्हता ना गो?"

"नाय आये. कालवाची शिंप ज्याची बनते ना, त्याचाच तो."

भामाबाईंच्या परसात त्या शिंपांचा कमरेएवढा ढीग आहे.